मेलखालचं शिक्कामोर्तब

गेल्या वर्षी चवथीच्या तोंडावर मी एका सरकारी खात्याला ईमेलने तक्रार धाडली. वाड्यावरच्या नळाला पाणी तासभरही टिकत नव्हतं, घरी पाहुणे यायचे होते, त्यामुळे भाषा जरा कडकच होती. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. दोन सभ्य वाक्यं, आणि मग तिसरं: ‘नाटकाला शुभेच्छा.’ मी चक्रावलो. माझाच मेल उघडून तळापर्यंत गेलो, तर ‘आपला विश्वासू’च्या खाली आणखी चार ओळी होत्या. मी आमच्या नाट्यमंडळाचा सचिव, मंडळाचा पत्ता, माझा मोबाइल, आणि ‘यंदाच्या जत्रेत तीन अंकी संगीत नाटक, सहकुटुंब येणे करावे.’ मे महिन्यात मंडळाची पत्रं लिहिताना मीच त्या भरल्या होत्या आणि साफ विसरलो होतो.

हे हसण्यावारी गेलं. पण मग ‘सेंट’मध्ये मागे मागे जात राहिलो, तेव्हा मुंबईच्या एका मित्राला पाठवलेलं सांत्वनाचं उत्तर सापडलं. त्याचे वडील गेले होते. माझ्या चार वाक्यांखाली सहकुटुंब येण्याचं आमंत्रण. तो कधी काही बोलला नाही.

भाचा कॉम्प्युटरमधला. त्याने स्क्रीन बघितला आणि म्हणाला, “मामा, शिक्का खणात ठेवतात. तू तो दारावर टांगून ठेवलायस, येणाऱ्याजाणाऱ्याच्या कपाळावर उठतोय.”

तेव्हापासून मी मेलखालची सही हाताने टाकतो. हाताने म्हणजे दर वेळी सगळं टाइप करून नव्हे. सह्या तयार करून ठेवायच्या, पण कुठली लावायची, लावायची की नाही, हे प्रोग्रामवर न सोडता त्या त्या मेलपुरतं आपण ठरवायचं. हे करणं सोपं आहे, फक्त प्रत्येक प्रोग्रामने त्याची कळ वेगळ्या कोपऱ्यात लपवली आहे.

आधी ही सही म्हणजे नेमकं काय ते बघू. ईमेल प्रोग्राम ज्याला ‘सिग्नेचर’ म्हणतो ती आपल्या अर्थाने सही नव्हेच. तो साठवलेल्या मजकुराचा एक ठोकळा असतो. कॉम्प्युटरवर नवा मेल लिहायची खिडकी उघडली की प्रोग्राम तो ठोकळा तिथे आणून चिकटवतो. पुष्कळांना वाटतं की ही सही मेल निघताना वाटेत कुठेतरी लागते आणि आपल्या हातात काही नसतं. तसं नाही. खिडकीत दिसणारा तो मजकूर तुम्ही लिहिलेल्या इतर ओळींसारखाच साधा असतो. खोडता येतो, बदलता येतो. घोटाळा होतो तो न दिसल्यामुळे. ब्राउझरमधल्या जीमेलमध्ये उत्तर लिहिताना आपली सही बहुतेक वेळा तीन ठिपक्यांच्या एका छोट्या बटणामागे, समोरच्याच्या जुन्या मजकुरासोबत घडी घालून ठेवलेली असते. ते ठिपके दाबले नाहीत तर ती दिसतच नाही, पण जाते मात्र. मित्राच्या पत्राखाली माझं आमंत्रण गेलं ते असं.

शिक्क्याचा दाखला भाच्याने सहज दिला, पण तो चांगलाच लागू पडतो. मराठेशाहीच्या कागदांत शिक्का पत्राच्या माथ्याशी असायचा आणि मोर्तब शेवटी. ‘शिक्कामोर्तब’ हा शब्द आपण रोज वापरतो तो या जोडीतून आला. शिवाजी महाराजांच्या पत्रांच्या अखेरीस ‘मर्यादेयं विराजते’ अशी छोटी मुद्रा दिसते. पत्राची मर्यादा इथे झाली, असं ती सांगते. तिच्या खाली कोणी ओळ घुसडली तर ती पत्रातली नव्हे, हे वाचणाऱ्याला कळावं.

ईमेललाही असं एक मोर्तब आहे, आणि ते फार थोड्यांना ठाऊक असतं. दोन आडव्या रेघा, त्यांच्यामागे एक मोकळी जागा, आणि मग एंटर. बस्स. या ओळीच्या वर पत्र, खाली सही. ही खूण युजनेटच्या, म्हणजे १९८०च्या दशकातल्या चर्चागटांच्या काळापासून चालत आलेली आहे. २००४ साली निघालेल्या आरएफसी ३६७६ या तांत्रिक दस्तऐवजातही तिची नोंद आहे. उपयोग असा: ही ओळ ओळखणारा प्रोग्राम तिच्याखालचा मजकूर फिकट दाखवतो, आणि तुम्ही उत्तर देऊ लागलात की समोरच्याची सही आपोआप गाळतो. थंडरबर्ड नावाचा ईमेल प्रोग्राम हे इमानेइतबारे करतो. जीमेलही सहीच्या वर त्या दोन रेघा स्वतःहून घालतो; आउटलुक घालत नाही.

तुम्ही सही हाताने टाइप करत असाल तर ही ओळही हातानेच घालावी. दोन ठिकाणी चूक होते. एक, रेघांमागची मोकळी जागा विसरते. ती डोळ्यांना दिसत नाही, पण ती नसेल तर प्रोग्रामच्या लेखी त्या नुसत्या दोन रेघा. दुसरी चूक तुमची नसते: फोनचा कीबोर्ड किंवा वर्ड दोन छोट्या रेघा जोडून एक लांब रेघ करून टाकतो, आणि मग खूण मोडते.

सही किती लांब असावी, यावरही जुन्या लोकांनी विचार करून ठेवलाय. १९९५ सालच्या आरएफसी १८५५ मध्ये ईमेलच्या शिष्टाचाराचे साधे नियम आहेत. त्यात सही चार ओळींपेक्षा लांब नको असं म्हटलंय, आणि कारणही दिलंय: अनेकांना इंटरनेटचे पैसे मिनिटामिनिटाला मोजावे लागतात. त्याच वर्षी १५ ऑगस्टला आपल्या देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू झालं. मिनिटांचा हिशेब आता गेला. पण एकदा एका सोसायटीच्या कामाचा मेलव्यवहार छापून घेतला, तेव्हा ‘ठीक आहे’ आणि ‘मिळालं’ अशा उत्तरांखाली दर वेळी आठ-आठ ओळींच्या सह्या, ‘हा मेल गोपनीय आहे’चा परिच्छेद आणि कागद वाचवण्याचं आवाहन असं सगळं मिळून नऊ पानं झाली. कागद वाचवण्याचं आवाहन पाच वेळा छापलं गेलं.

आता कळा कुठे आहेत ते.

जीमेल ब्राउझरमध्ये उघडा. उजवीकडे वर दातेरी चाकाचं चिन्ह, त्यात ‘सी ऑल सेटिंग्ज’. पहिल्याच ‘जनरल’ पानावर बरंच खाली ‘सिग्नेचर’ आहे. तिथे ‘क्रिएट न्यू’ दाबून सहीला नाव द्यायचं. हे नाव फक्त तुम्हाला दिसतं. माझ्या तीन आहेत: ‘शाळा’, ‘मंडळ’ आणि ‘घर’. एकाहून जास्त सह्या ठेवायची सोय जीमेलमध्ये २०२० पासून आहे. त्याआधीची सवय असलेले अजून एकच सही ठेवून तीच खोडत-लिहीत बसतात. सह्या तयार झाल्या की त्यांच्या खालीच ‘सिग्नेचर डिफॉल्ट्स’ असं लिहिलेलं दिसेल. सगळं मर्म इथे आहे. दोन खाने असतात, एक नव्या मेलसाठी, दुसरा उत्तरं आणि फॉरवर्डसाठी. दोन्हींत ‘नो सिग्नेचर’ निवडा. मग पानाच्या अगदी तळाशी जाऊन ‘सेव्ह चेंजेस’ दाबा. हे बटण इतकं खाली आहे की निम्मे लोक ते न दाबताच पान बंद करतात आणि मग ‘जीमेल काही ऐकत नाही’ म्हणतात. मीही म्हणालो होतो.

यापुढे मेल लिहिताना खालच्या पट्टीत पेनाचं चिन्ह शोधायचं. खिडकी अरुंद असेल तर ते तिथल्या तीन ठिपक्यांत जाऊन बसतं. पेन दाबलं की ‘शाळा’, ‘मंडळ’, ‘घर’ अशी यादी येते. हवी ती निवडायची. चुकून ‘मंडळ’ लागली तर पुन्हा पेन दाबून ‘शाळा’ निवडा, जुनी जाऊन नवी येते. सेटिंग्जमधल्या त्या खान्यांखाली आणखी एक चौकोन आहे, उत्तरात सही जुन्या मजकुराच्या वर लावण्याचा. त्यावर टिक करा असं मी आग्रहाने सांगेन. कारण आपण सगळेच उत्तर वर लिहितो आणि जुना मजकूर खाली तसाच लोंबत ठेवतो. सही त्या सगळ्याच्या तळाशी गेली तर तिथवर कोण जाणार? जेवण मांडवात आणि ताट परसात, तसं होतं. एक मात्र ध्यानात ठेवा: हा चौकोन चालू केला की जीमेल त्या दोन रेघा काढून टाकतो. मला तो सौदा परवडतो.

आउटलुकमध्ये नवा मेल उघडल्यावर वरच्या ‘मेसेज’ पट्टीवर, काही आवृत्त्यांत ‘इन्सर्ट’ पट्टीवर, ‘सिग्नेचर’ असं बटण असतं. सह्या बनवण्याचं दालनही तिथूनच उघडतं. त्यातही नव्या मेलसाठी आणि उत्तरासाठी असे दोन खाने आहेत; दोन्हींत ‘नन’ ठेवायचं आणि मग मेलगणिक बटणाखालच्या यादीतून सही घ्यायची. कॉम्प्युटरवर बसवलेल्या जुन्या धाटणीच्या आउटलुकची एक गंमत अशी की तो प्रत्येक सही तुमच्या मशीनवरच्या एका फोल्डरमध्ये तीन रूपांत ठेवतो: रंगीबेरंगी मेलसाठी एक, रिच टेक्स्टसाठी एक, निव्वळ अक्षरांच्या मेलसाठी एक. तिसरं रूप आउटलुक स्वतःच बनवतो, त्यात तुमच्या रंगांचा आणि तक्त्यांचा चोथा झालेला असतो. निव्वळ अक्षरांत मेल पाठवत असाल तर एकदा तो नजरेखालून घाला. आणि मशीन बदलायच्या आधी त्या फोल्डरची कॉपी करून ठेवा.

थंडरबर्डचा स्वभाव निराळा. त्याच्या ‘अकाउंट सेटिंग्ज’मध्ये सहीसाठी एकच चौकोन आहे, त्यात जे लिहाल ते लागणार. यादीतून सही निवडायचं बटण त्यात मुळात नाही. त्यासाठी ॲड-ऑन मिळतात, पण त्यावाचूनही चालतं. तिथेच ‘मॅनेज आयडेंटिटीज’ आहे. एकाच ईमेल पत्त्याच्या हव्या तितक्या ओळखी त्यात बनवता येतात आणि प्रत्येकीला स्वतःची सही देता येते. पहिल्या ओळखीची सही कोरी ठेवायची. मग मेल लिहिताना वरच्या ‘फ्रॉम’ ओळीत ‘मंडळाचा सचिव’ निवडला की सही त्याची, ‘शाळा’ निवडली की शाळेची, आणि काहीच निवडलं नाही तर कोरा कागद. मला ही रीत सगळ्यात आवडते, कारण तुम्ही सही निवडत नाही, आत्ता कोण म्हणून बोलतोय ते निवडता. सही मागोमाग येते.

ॲपल मेलमध्ये लिहायच्या खिडकीतच विषयाच्या ओळीच्या बाजूला सहीची यादी असते. त्याबद्दल जास्त सांगण्यासारखं काही नाही. सह्या आळीपाळीने किंवा ‘रँडम’ लावायचीही सोय त्यात आहे. ती कोणाला लागते देव जाणे.

आणि कुठलाच प्रोग्राम नको असेल तर नोटपॅड. एका फाइलमध्ये तिन्ही सह्या लिहून ठेवा, हवी ती उचला, मेलमध्ये डकवा. डकवताना कंट्रोल आणि व्ही यांच्यासोबत शिफ्टही दाबा, म्हणजे जीमेलमध्ये फक्त अक्षरं येतात. वर्डमधून साधं डकवलं तर तिथला फॉन्ट, आकार, कधीकधी पिवळी पार्श्वभूमीसुद्धा सोबत येते आणि सही दुसऱ्याच पत्रातून कापून चिकटवल्यासारखी दिसते.

फोनवर याहून सोपी युक्ती आहे. आयफोनच्या सेटिंग्जमध्ये ‘जनरल’, मग ‘कीबोर्ड’, त्यात ‘टेक्स्ट रिप्लेसमेंट’. अँड्रॉइडवर गूगलच्या कीबोर्डमध्ये ‘डिक्शनरी’खाली ‘पर्सनल डिक्शनरी’. तिथे ‘समं’ असं लघुरूप आणि त्यासमोर ‘सचिव, अमुक नाट्यमंडळ’ भरून ठेवायचं. ‘समं’ टाइप केलं की पूर्ण ओळ सुचवली जाते. हे मेलमध्येच नव्हे, व्हॉट्सॲपवरही चालतं. फोनच्या मेल ॲपमधली स्वतःची सही मात्र वेगळी असते, ती एकदा तपासून पुसून टाका. ‘आयफोनवरून पाठवलं’ ही ओळ पुष्कळांच्या मेलखाली वर्षानुवर्षं जाते आणि पाठवणाऱ्याला त्याचा पत्ता नसतो.

एवढा खटाटोप एका पत्त्यासाठी कशाला, असं कोणी विचारेल. आमच्याकडे गोव्यात त्याला आणखी एक कारण आहे. १९८७ च्या राजभाषा कायद्याने कोकणी राजभाषा झाली आणि शासकीय कामात मराठीच्या वापरालाही मुभा राहिली. व्यवहारात मात्र पणजीला पाठवायचं पत्र पुष्कळदा इंग्रजीत, मंडळाचं मराठीत, आणि शेजाऱ्याला ‘देव बरें करूं’ म्हणून संपवलेलं कोकणीत. एकच सही तिन्ही पत्रांना शोभत नाही. त्यात नावाच्या स्पेलिंगचा प्रश्न. पोर्तुगीज काळच्या कागदांत कामतांचं ‘कामोतीं’ झालेलं असतं, शेणव्यांचं ‘सिनाय’, परबांचं ‘पोरोब’. घराच्या दस्तावर एक स्पेलिंग, आधार कार्डावर दुसरं, शाळेच्या दाखल्यावर तिसरं असलेली माणसं प्रत्येक गावात भेटतील. जमिनीच्या कामाचा मेल असेल तर सहीतलं नाव दस्ताशी जुळणारं हवं. त्यासाठी एक निराळी सही करून ठेवणं म्हणजे पुढचे चार हेलपाटे वाचवणं.

मराठीत सही करताना एक खड्डा चुकवा. हँडबिल छापणाऱ्याकडून मंडळाचं नाव-पत्ता आयता घेऊन सहीत डकवला, तर समोरच्याला रोमन अक्षरांची खिचडी दिसू शकते. छपाईचे जुने मराठी फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्या जागांवर देवनागरीचे आकार बसवून चालायचे. तो फॉन्ट ज्याच्याकडे नाही त्याला खालची इंग्रजी अक्षरंच दिसणार. युनिकोडमध्ये देवनागरीला स्वतःची जागा आहे. म्हणून नाव फोनच्या किंवा कॉम्प्युटरच्या मराठी कीबोर्डवर पुन्हा टाइप करायचं. पाच मिनिटांचं काम.

लोगोचा मोह होतोच. मंडळाच्या तरुण मुलांनी नटराजाचं चित्र सहीत घालायचं सुचवलं होतं. ईमेल मुळात अक्षरं वाहून नेण्यासाठी घडलेला. चित्र पाठवायचं तर त्याचं अक्षरांत रूपांतर करावं लागतं, आणि त्यात तीन बाइटचे चार होतात. १५० केबीचा नटराज वाटेत २०० केबीचा होतो, आणि ‘बरं’ एवढ्याच उत्तरासोबतही जातो. काही प्रोग्राममध्ये अशा मेलला क्लिपचं चिन्ह लागतं आणि समोरचा नसलेली फाइल शोधत बसतो. चित्र दूरच्या सर्व्हरवर ठेवून नुसता दुवा दिला तर बरेच प्रोग्राम ते परवानगीशिवाय उघडतच नाहीत. दिसतो तो रिकामा चौकोन. नटराज आम्ही पडद्यावर ठेवला.

कागदावर केलेली सही स्कॅन करून मेलखाली चिकटवणारेही पाहिलेत. हे मात्र करू नका. ते चित्र कोणालाही उचलून कुठल्याही कागदावर ठेवता येतं, आणि त्याने काही सिद्धही होत नाही. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० ज्याला डिजिटल सही म्हणतो ती चीज वेगळी. करसल्लागार पेनड्राइव्हसारखं जे टोकन लावतात, त्यात तुमची गुप्त किल्ली असते. संपूर्ण मजकुराचं गणिताने एक छोटं सार काढतात आणि त्यावर त्या किल्लीने शिक्का उठवतात. मजकुरात एक काना जरी बदलला तरी सार जुळत नाही आणि सही खोटी ठरते. मेललाही अशी सही लावता येते, थंडरबर्डमध्ये तर २०२० पासून ओपनपीजीपी या पद्धतीने ती लावायची सोय आतच आहे. पण पेनाच्या चिन्हातून येणाऱ्या आपल्या चार ओळींशी तिचं नात्याने काही लागत नाही, फक्त नाव सारखं आहे.

याचा अर्थ टाइप केलेल्या मेलला किंमत नाही असं मात्र समजू नका. ट्रायमेक्स विरुद्ध वेदांत ॲल्युमिनियम या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये, औपचारिक करारावर सह्या झालेल्या नसतानाही, बॉक्साइट पुरवठ्याचा सौदा ईमेलच्या देवाणघेवाणीतून पक्का झाला असं धरलं. मेलमध्ये ‘मान्य’ लिहून खाली ‘सचिव’ अशी सही गेली, तर उद्या कोणी म्हणेल की मंडळाने शब्द दिला. मांडववाल्याला मी घरच्या कार्याचा दर विचारला होता तेव्हाही ती सही लागलेलीच होती. त्याने बिल मंडळाच्या नावाने केलं. खजिनदाराने भर सभेत ते वाचून दाखवलं.

जत्रेच्या रात्री नाटकाला गर्दी बरी होती. पहिला अंक संपल्यावर एक गृहस्थ विंगेत आले, हात जोडून म्हणाले, “तुमची पाण्याची तक्रार माझ्याच टेबलावर होती.” मागे बायको आणि दोन मुलं उभी होती. सहकुटुंब. मी त्यांना पुढच्या रांगेत बसवलं.